वडिलांवर पुस्तिका काढताय? आधी आत्याकडे जा

वडिलांच्या वर्षश्राद्धाला आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं बहुतेक घरांत दहाव्या-अकराव्या महिन्यात सुचतं. मग सगळ्यांकडून 'चार ओळी' मागवल्या जातात आणि पानोपानी तेच छापून येतं: कष्टाळू, शिस्तप्रिय, वरून फणसासारखे. नाव बदललं तर तीच पुस्तिका शेजारच्या घरीही चालेल.

कागद आणखी दोन वर्षं टिकतात, ऐंशी ओलांडलेल्या आत्याचं सांगता येत नाही. म्हणून वडिलांपेक्षा मोठं कोण उरलंय ते बघून त्यांच्याकडे आधी जा. रेकॉर्डिंगला लावलेला फोन रुमालाच्या घडीवर ठेवा आणि पंखा बंद करा. पंख्याची घरघर समोर बसून जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र शब्द खाते. पाऊण तासाच्या वर कुणाला बसवू नका. 'बाबा कसे होते?' हे विचारायचंच नाही, उत्तर विशेषणांतच येतं. पगार झाला की काय आणायचे, उसने पैसे कुणाकडे मागायचे, कुणाशी बोलणं टाकलं होतं आणि कशावरून, हे विचारा. माणूस त्यात सापडतो.

साल विचारलं की म्हातारी माणसं गोंधळतात. प्रसंगाचा आधार दिला की बरोबर सांगतात. पुण्याकडे पानशेतच्या पुराच्या (12 जुलै 1961) आधी की नंतर, साताऱ्याकडे कोयनेचा भूकंप झाला (11 डिसेंबर 1967) तेव्हा कुठे होते, गिरणगावात संप सुरू झाला (18 जानेवारी 1982) तेव्हा कुठल्या खात्यात होते. मराठवाड्यात बहात्तरचा दुष्काळ नुसता म्हटला तरी पुरतं.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून असेल तर ती खरी धरू नका. नाव घालताना गुरुजी अंदाजाने वय धरून तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. घरात 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' असं काही सांगत असतील तर त्या सालाचं आणि मागच्या-पुढच्या सालाचं पंचांग काढून ताडून बघा, आणि पुस्तिकेत दोन्ही तारखा द्या. वडील सरकारी नोकरीत होते आणि सेवापुस्तकाची प्रत मिळाली, तर बदल्या, वेतनवाढी, रजा सगळं तारीखवार हाती येतं. त्यात बिनपगारी रजेचा लांब तुकडा दिसला की आत्याला पुन्हा फोन करायचा.

चिकट पानांच्या आल्बममधले फोटो ओढू नका, पापुद्रा निघतो. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळू ओढत न्या. तरीही निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. 3 बाय 4 इंचाचा फोटो 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) घेतला की 1800 बाय 2400 पिक्सेल मिळतात. छपाईला 300 पुरतात, म्हणजे तो दुप्पट मोठा छापता येतो. मागची बाजूही घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, कारण बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा निघत नाही. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबून लहान झालेला येतो.

वडिलांचं सिमकार्ड घाईने बंद करू नका. व्हॉट्सॲपचं खातं 120 दिवस वापरात नसलं की सहसा काढून टाकलं जातं. त्याआधी त्यांच्या फोनमधले आवाजी निरोप संगणकावर उतरवून घ्या. 'दूध आणलंस का' एवढाच निरोप असला तरी घ्या.

रागीटपणा, भाऊबंदकी, फसलेला धंदा वगळू नये असं माझं मत आहे. फक्त त्यात हयात माणूस गुंतला असेल तर त्याला आधी वाचायला द्या.

मधोमध पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत बसवावी लागतात. अनेक छापखाने युनिकोड (फोनवर टाइप होतो तो) मजकूर अजून जुन्या फॉण्टमध्ये फिरवतात आणि त्यात रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात. म्हणून फिरवल्यानंतरचं कागदी प्रूफच वाचा. आडनावं त्या त्या घरच्या माणसाकडून तपासून घ्या. 'कुलकर्णी'चं 'कुळकर्णी' झालं, तर तेराव्याला आलेली माणसं वर्षश्राद्धाला यायची नाहीत.