रेल्वे क्रूची टॅक्सी : तीन परवाने, एक कौन्सिल

‘फक्त रेल्वेचीच माणसं न्यायची, रस्त्यावरचा एकही पॅसेंजर घ्यायचा नाही. मग टॅक्सीचा परवाना कशाला?’ इंग्लंडमध्ये गाड्यांचा धंदा काढू पाहणारा आपला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. त्याच्या डोळ्यांसमोर आपल्याकडची क्रू लॉबी, म्हणजे गाडीचे ड्रायव्हर-गार्ड ड्युटीची हजेरी लावतात ती जागा, असते. तिथं पिवळ्या पाटीची ठेक्याची जीप उभी असली, की परवाना, फिटनेस आणि चालकाचा बॅज यापलीकडं कुणी काही विचारत नाही.

प्रश्न वेडगळ नाही. २००८ पर्यंत इथला कायदाही जवळपास हेच म्हणत होता. लंडन आणि प्लिमथ सोडून बाकीच्या इंग्लंड-वेल्समध्ये प्रायव्हेट हायर, म्हणजे आधी बुक करूनच घ्यायची टॅक्सी, चालते ती १९७६ च्या लोकल गव्हर्नमेंट मिसलेनियस प्रोव्हिजन्स ॲक्टवर. त्यात एक सवलत होती: सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कराराने गाडी दिली असेल, तर त्या कामापुरते तिला हे नियम लागू नाहीत. शाळेची मुलं नेणारे, कंपन्यांची माणसं नेणारे, रेल्वेचे क्रू नेणारे अनेक जण या एका ओळीवर धंदा करत होते. २००६ च्या रोड सेफ्टी ॲक्टने ती ओळ काढली आणि जानेवारी २००८ पासून सवलत बंद झाली. इथल्या जुन्या माणसांचा सल्ला घेताना हे ध्यानात ठेवा. ‘आम्ही नुसत्या कॉन्ट्रॅक्टवर चालवत होतो’ असं ते सांगतात ते खरंच असतं, पण त्या काळापुरतं.

इथल्या रेल्वेला टॅक्सी एवढी लागते कशाला, तेही सांगायला हवं. आपल्याकडं भुसावळ किंवा इगतपुरीला सुटलेला लोको पायलट रनिंग रूममध्ये जेवतो, झोपतो आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी घेऊन निघतो. इंग्लंडमध्ये बहुतेक ड्युट्या ज्या डेपोत सुरू होतात तिथंच संपतात. पहाटेच्या पहिल्या गाडीआधी ड्रायव्हरला पोचवायला दुसरी गाडी नसते. मध्यरात्री मालगाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, अडकते आणि तिच्या ड्रायव्हरचे तास संपत येतात. अशा वेळी रिलीफचा ड्रायव्हर टॅक्सीने येतो आणि सुटलेला त्याच टॅक्सीने परततो. ड्युटीच्या तक्त्यातच तशी नोंद असते. (रनिंग रूममध्ये मिळणारं गरम जेवण आणि अंथरूण इथल्या मालगाडीच्या ड्रायव्हरच्या वाट्याला फारसं येत नाही. आपल्या रेल्वेला नावं ठेवताना हे कुणी मोजत नाही.)

आता परवाने. ते तीन लागतात: ऑपरेटरचा, गाडीचा आणि चालकाचा. आणि तिन्ही एकाच कौन्सिलचे, म्हणजे एकाच स्थानिक पालिकेचे, लागतात. सगळ्यांचं अडतं ते या शेवटच्या अटीवर. इंग्लंडमध्ये परवाना देणाऱ्या संस्था अडीचशेहून जास्त आहेत. डॉंकास्टरच्या ऑपरेटरने बुकिंग घेतलं तर गाडीवर डॉंकास्टरच्या परवान्याची प्लेट हवी आणि चालकाच्या गळ्यात डॉंकास्टरचा बॅज हवा. शेजारच्या कौन्सिलचा बॅज असलेला उत्तम चालक रिकामा बसलेला असला, तरी त्या गाडीवर त्याला बसवता येत नाही. आपल्याकडं गाडी कोल्हापूर पासिंगची, चालक नाशिकचा आणि काम पुण्याच्या मालकाचं, असं रोज चालतं आणि त्यात काही अडत नाही. इथं तेच केलं तर गुन्हा होतो, आणि वर विमा कंपनी हात वर करू शकते. लंडनला वेगळा कायदा, १९९८ चा. प्लिमथला तिसराच, १९७५ चा. लंडनहून प्लिमथला जाणारी गाडी एकाच रुळावरून तीन कायद्यांच्या हद्दीतून जाते. एवढ्याशा देशाला एक आरटीओ पुरला असता, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

२०१५ च्या डीरेग्युलेशन ॲक्टने एक वाट मोकळी केली. स्वतःकडं गाडी नसेल तर दुसऱ्या कौन्सिलच्या परवानाधारक ऑपरेटरला काम देता येतं. मात्र तिथंही त्या दुसऱ्या ऑपरेटरची गाडी आणि चालक त्याच्याच कौन्सिलचे हवेत, आणि मूळ बुकिंगची जबाबदारी तुमच्यावरच राहते. नोंद दोघांनी ठेवायची. रेल्वेच्या कंत्राटात ही वाट रोज लागते, कारण क्रू उतरतो तो डेपोपासून ऐंशी-नव्वद मैलांवरही. म्हणून टेंडर भरण्याआधीच क्रू (या नावाचं गावच आहे), डर्बी, कार्लाइल अशा जागी एकेका ऑपरेटरशी लेखी करार करून ठेवावा. रात्री दोन वाजता फोनवर ओळख काढून काही होत नाही.

ऑपरेटरचा परवाना साधारणपणे ५ वर्षांचा मिळतो, चालकाचा ३ वर्षांचा. ऑपरेटरसाठी त्या कौन्सिलच्या हद्दीत कामाची जागा, संचालकांचा बेसिक डीबीएस दाखला (गुन्ह्यांच्या सरकारी नोंदींचा) आणि तक्रारी हाताळण्याची लेखी पद्धत मागतात. बुकिंग घेणाऱ्या आणि गाड्या सोडणाऱ्या माणसांची नोंदवही ठेवावी लागते आणि त्यांचाही बेसिक डीबीएस बघावा लागतो. नूतनीकरणाला करखात्याचा टॅक्स चेक कोड लागतो, तो एप्रिल २०२२ पासून. तो विसरला म्हणून अर्ज अडकल्याचं सर्रास दिसतं.

गाडीला चालक सोडून जास्तीत जास्त ८ आसनं चालतात. नववं आसन आलं की ती बस होते. मग ट्रॅफिक कमिशनरचा, म्हणजे बसचे परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याचा, परवाना लागतो आणि चालकाचं लायसन्सही वेगळं लागतं. दोन क्रू एकदम नेता येतील म्हणून सोळा आसनी मिनीबस घेणारे इथंच फसतात. तीन ते चार माणसं, प्रत्येकाची मोठी बॅग आणि नारिंगी जॅकेट, एवढा हिशेब धरून मोठ्या डिकीची गाडी पुरते. विमा भाड्याच्या प्रवासी वाहतुकीचाच हवा. कौन्सिलची स्वतःची तपासणी असते आणि ती वर्षातून तीनदापर्यंत घेता येते. गाडी ठोकली गेली तर बदली गाडीलाही प्लेट हवी, नुसती भाड्याची कार आणून चालत नाही. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना पटत नाही: प्लेट असेपर्यंत ती गाडी बायकोनं भाजी आणायलासुद्धा चालवायची नाही, तिच्याकडं बॅज असल्याशिवाय. १९९७ च्या बेन्सन विरुद्ध बॉइस या खटल्यापासून हे पक्कं झालंय.

चालकाच्या परवान्याला आपल्या माणसाला जास्त वेळ लागतो. भारतीय लायसन्सवर इथं राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, पण ते इथल्या लायसन्समध्ये बदलून मिळत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा नव्यानं द्याव्या लागतात. त्यानंतर बऱ्याच कौन्सिल इथल्या लायसन्सला वर्ष झालेलं मागतात. शिवाय अठरा वर्षं पूर्ण झाल्यानंतर सलग तीन महिने किंवा जास्त काळ परदेशात राहिलेल्याकडून त्या देशाचा वर्तणुकीचा दाखला मागतात. आपल्यासाठी तो म्हणजे पासपोर्ट खात्याकडचा पोलीस क्लिअरन्स. त्याचा अर्ज सगळ्यात आधी टाका. मग एन्हान्स्ड, म्हणजे जास्त खोलवरचा डीबीएस, त्याची दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, इंग्रजीची परीक्षा, लहान मुलं आणि दुबळ्या व्यक्तींच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण. काही गुन्ह्यांत अटक झाली तर ४८ तासांत कळवायचं. हे सगळं मला जाचक वाटत नाही. रात्री एकट्या बाईला घरी सोडणाऱ्या माणसाची एवढी चौकशी व्हायलाच हवी, आणि याबाबतीत आपण इथून शिकावं.

रेल्वेच्या कामात सगळ्यात जास्त चुका होतात त्या नोंदवहीत. कंत्राट वर्षाचं असलं तरी प्रत्येक फेरी हे वेगळं बुकिंग असतं, आणि त्याची नोंद गाडी निघण्याआधी हवी: प्रवाशाचं नाव, बुकिंग कधी आलं, कुठून न्यायचं, कुठं सोडायचं, चालकाचं नाव आणि परवाना क्रमांक, गाडीचा नंबर, बुकिंग कुणी घेतलं, गाडी कुणी सोडली. किमान सहा महिने ते जपायचं. रेल्वेचा कंट्रोलर फोनवर म्हणतो ‘दोन माणसं, टोटन यार्डातून’. तेवढंच लिहिलं तर तपासणीत ते चालत नाही, नावं विचारून घ्यावीच लागतात. गाडी वाटेत असताना कंट्रोलर ठिकाण बदलतो आणि चालक थेट त्याचं ऐकून वळतो, हेही नेहमीचंच. चालकाने आधी ऑफिसला कळवायचं आणि बदल वेळेसकट नोंदवायचा. सकाळपासून डेपोच्या फाटकाशी गाडी उभी ठेवून ‘येईल तो क्रू बसवा’ ही पद्धत तर अजिबात नको. बुकिंग आधी झालेलं नसेल तर ते प्रायव्हेट हायरचं काम राहत नाही.

पत्त्याची अडचण वेगळीच. रेल्वे यार्डाचा पोस्टकोड अर्धा मैल लांबच्या गोदामाचा निघतो. लूपपाशी तर पोस्टकोडच नसतो, शेतातला एक रस्ता आणि कुलूप लावलेलं फाटक असतं. प्रत्येक फाटकाचे अक्षांश-रेखांश, दिवसा काढलेला फोटो आणि गाडी वळवायला जागा आहे की नाही, एवढं एकदा लिहून ठेवलं की वर्षभर त्रास वाचतो. चालकाने फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. रुळांजवळ जायला वेगळं प्रशिक्षण आणि कार्ड लागतं, क्रूनेच चालत फाटकापर्यंत यायचं.

उशीर झाला तर काय होतं, हे नव्या ऑपरेटरला पहिल्यांदा लक्षात येत नाही. क्रूची ड्युटी इंजिनातून उतरल्यावर संपत नाही, ती त्याच्या डेपोत साइन ऑफ (ड्युटी संपल्याची नोंद) केल्यावर संपते. समजा पहाटे तीनला साइन ऑफ धरलं आहे आणि त्याच दिवशी दुपारी साडेतीनला पुढची ड्युटी आहे. मध्ये १२ तासांची विश्रांती हवी. मोटारवे रात्रीच्या कामासाठी बंद होता आणि टॅक्सी पोचली तीन पन्नासला. आता तो ड्रायव्हर दुपारी तीन पन्नासआधी येऊ शकत नाही आणि साडेतीनच्या गाडीला ड्रायव्हर नाही. म्हणून गाडी सोडण्याआधी त्या रात्रीचे बंद रस्ते बघणं हे गाड्या सोडणाऱ्या डिस्पॅचरचं पहिलं काम.

बारा तासांचा हा आकडा आला त्यामागं रक्त सांडलेलं आहे. १२ डिसेंबर १९८८ ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ गाड्या एकमेकांवर आदळून ३५ माणसं गेली. सिग्नलची एक जुनी वायर सुटी लोंबकळत राहिली होती. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या १३ आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. अँथनी हिडन यांच्या चौकशीनंतर मर्यादा ठरल्या: ड्युटी जास्तीत जास्त १२ तास, आठवड्याला ७२ तास, दोन ड्युट्यांत किमान १२ तास, १४ दिवसांत १३ पेक्षा जास्त ड्युट्या नाहीत. नंतर थकव्याबाबतची जबाबदारी २००६ च्या रेल्वे सुरक्षा नियमांत आली, तरी ‘हिडन’चे आकडे आजही रेल्वेत तोंडपाठ असतात. माणसाच्या थकव्याला एवढं गांभीर्यानं घेणारी व्यवस्था पाहून आदर वाटतो, मनापासून.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट मला सहन होत नाही. त्या ड्रायव्हरला मध्यरात्री नव्वद मैल घरी आणणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या गाडी चालवण्याच्या तासांना कायद्यात मर्यादा नाही. ट्रकवाल्याला दिवसाला साधारण ९ तास ड्रायव्हिंग आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबणं बंधनकारक आहे, बसवाल्यालाही नियम आहेत. टॅक्सी आणि प्रायव्हेट हायर त्या कायद्याबाहेर. बहुतेक कौन्सिल या चालकाकडून मेडिकल मात्र ट्रक-बसवाल्याच्या दर्जाचं घेतात. त्याची साखर, नजर, हृदय सगळं तपासतात. तो किती तास जागा आहे, हे विचारणारा कागद तीन परवान्यांच्या गठ्ठ्यात कुठंही नाही. सकाळी शाळेची फेरी, दुपारी विमानतळ, रात्री रेल्वेचा क्रू, तेही दोन वेगळ्या ऑपरेटरांसाठी. असा दिवस कायद्यानं चुकीचा नाही, आणि त्याची सगळी कागदपत्रं चोख असतात. आपल्याकडं चालक चोवीस तास गाडी चालवतात म्हणून इथले लोक नाक मुरडतात, तेव्हा मी त्यांना हे विचारते.

कायदा करत नाही तोवर हे ऑपरेटरनेच करायचं. चालकाशी करार करतानाच इतर ऑपरेटरकडच्या कामाचे तास रोज लेखी कळवण्याची अट घाला. रात्रीची फेरी देण्याआधी गेल्या २४ तासांतलं काम आणि झोप विचारून नोंदवा. सलग १२ तासांचं काम झालेल्याला क्रूची फेरी देऊ नका, मग गाडी बाहेरून मागवावी लागली तरी चालेल. साठ मैलांपलीकडच्या रात्रीच्या फेरीला परतीआधी अर्धा तास थांबण्याचे पैसे द्या, नाहीतर चालक थांबत नाही. आणि या सगळ्याचा खर्च टेंडरच्या दरातच धरा. क्रू उतरायला उशीर होतोच, तेव्हा पहिल्या १५ मिनिटांनंतरचा थांबण्याचा दर आणि रात्रीच्या राखीव चालकाचे पैसे वेगळ्या ओळीत दाखवा. कंत्राटावर सही झाल्यानंतर ती ओळ वाढवून मागितली तर कुणी देत नाही.