तेरा नंबरची हलगी

खालच्या ओळीतलं डावीकडचं पॅड म्हणजे हलगी. माझ्या डाव्या अंगठ्याला कित्येक वर्षं एवढंच ठाऊक होतं. माझं मशीन म्हणजे सॅम्पलर: आवाजाचे तुकडे (सॅम्पल) त्यात भरायचे आणि पॅड दाबून वाजवायचे. रोलँडच्या जुन्या एसपी-४०४एसएक्सवर पॅडच्या चार-चारच्या तीन ओळी, त्यामुळे ते पॅड ९ नंबरचं. २०२१ साली आलेल्या त्याच्या नव्या अवतारावर, एमके-टूवर, सोळा पॅड, म्हणजे खाली आणखी एक ओळ. नवं मशीन घेऊन पहिल्यांदा स्टेजवर चढलो, ऐन रंगात अंगठा सवयीने खाली गेला आणि १३ नंबरवर पडला. तिथे काहीच भरलेलं नव्हतं. सगळीकडे शांतता. लोकांना वाटलं मुद्दामच थांबलाय, टाळ्या पडल्या! घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हलगी १३ वर कॉपी करायचं.

एसएक्सवर एका वेळी एकच इफेक्ट चालतो. डिलेवर (म्हणजे प्रतिध्वनीवर) फिल्टर हवा असेल तर आधी डिलेसकट आवाज रिसॅम्पल करायचा, म्हणजे नव्याने रेकॉर्ड करायचा, मग त्यावर फिल्टर. एकदा भाजलेली भाकरी परत पीठ होत नाही, तसंच ते. पण स्टेजवर ते बरं पडायचं, कारण निम्मे निर्णय घरीच झालेले असायचे. एमके-टूवर इफेक्ट एकावर एक चढवता येतात. मी नको तितके चढवतो, आणि ढोलकीच्या शाईचा आवाज त्यात बुडून जातो. दोष माझाच.

स्क्रीनचं म्हणाल तर एसएक्सवर नुसते तीन लाल आकडे. सॅम्पल कुठे कापायचा ते कानाने ठरवायचं. नव्यावर आवाजाची लाट स्क्रीनवर दिसते, काम झटपट होतं. पण प्रयोगात मीसुद्धा तिच्याकडेच बघत बसतो.

आणि तरी खरं सांगायचं तर दौऱ्यावर मी नवंच नेतो. यूएसबी-सीवर चालतं, पॉवर बँक पुरते. एकदम ३२ आवाज वाजतात. जुन्यावर १२ झाले की आधीचा शेपटीकडून कापला जायचा. तालमीत सहज काही छान वाजून गेलं तर स्किप-बॅक दाबून मागचे काही सेकंद परत मिळवता येतात. जुन्यावर असे किती ठेके हवेत विरले, देव जाणे.

(जुनं मशीन सहा पेन्सिल सेलवर चालतं, याचा मला फार अभिमान होता. एकदा भर कार्यक्रमात लाइट गेली. मशीन चालू, स्पीकर बंद.)

सध्या टेबलावर दोन्ही आहेत. एसएक्सची वायर एमके-टूच्या लाइन-इनमध्ये. हलगी-संबळ जुन्यावर, बाकी सगळं नव्यावर. परवा मामा आला होता. ऑर्केस्ट्रात त्याने वर्षानुवर्षं ऑक्टोपॅड वाजवलाय. दोन्ही मशीन त्याने नीट निरखली, पिशवीतून काठ्या काढल्या.

"मामा, हे बोटांनी वाजवायचं."

"बोटांनी? मग लांबून पब्लिकला कळणार कसं रे, तू वाजवतोयस की हिशेब करतोयस?"