तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

‘तुम्ही स्वतः भारतातून ब्रिटनमध्ये आलेल्या, मग हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षात कशा?’ मंडळाच्या गणपतीत विचारतात, मुलीच्या मैत्रिणी विचारतात, मतं मागायला दार वाजवलं की तिथेही विचारतात. आमच्याच पक्षाच्या इनॉक पॉवेलचं स्थलांतरितांविरुद्धचं १९६८चं भाषण मला ठाऊक आहे, ते पुन्हा ऐकवू नका. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथनी त्यांना शॅडो कॅबिनेटमधून, म्हणजे विरोधी बाकांवरच्या प्रमुख नेत्यांच्या गटातून, काढलं. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने हाकललेल्या हजारो आशियाईंना १९७२ मध्ये आत घेतलं तेही हीथच्याच सरकारने. हे कुणी कधी म्हणत नाही.

मी पक्षात आले ते वॉर्डातल्या कामांमुळे. कचऱ्याचे डबे, पार्किंग, कौन्सिल टॅक्स कुठे जातो. तिथे भेटलेली माणसं मला माहेरच्यासारखी वाटली: ऐपतीत राहायचं, मुलांना वळण लावायचं, म्हाताऱ्यांची जबाबदारी आधी घराची आणि मग सरकारची. हिंदुस्थानातल्या कारभारावरून वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारा अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार एडमंड बर्क या विचाराचा मूळपुरुष मानला जातो. माणूस आधी आपल्या छोट्या गोतावळ्यावर जीव लावतो आणि देशावरचं प्रेम तिथूनच सुरू होतं, असं तो म्हणे. मला ते आजही पटतं.

आणि म्हणूनच २०१२ बोचतं. त्या जुलैत आमच्याच पक्षाच्या नेतृत्वाखालच्या सरकारने वृद्ध आईवडिलांना आणण्याचे नियम बदलले. तेव्हा मी लक्षही दिलं नाही. पुढे बाबा गेले आणि आई सांगलीत एकटी राहिली, तेव्हा वकिलाने ते मला वाचून दाखवले. आंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दुसऱ्याचा कायमचा आधार लागेल इतकं आजारपण किंवा वय हवं. शिवाय तशी देखभाल तिकडे भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही हे सिद्ध करायचं. आईकडे दोन्ही वेळा बाई येते, तिचा पगार मी इथून पाठवते. म्हणजे देखभाल मिळते, परवडते. इथला सगळा खर्च मी करीन असं लिहून दिलं तरी ही अट सुटत नाही. आई हिंडतीफिरती आहे तोवर नियमात बसत नाही, आणि अंथरुणाला खिळली की विमानात कशी बसणार?

शाखेच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले. दोन वाक्यं झाली नसतील, अध्यक्ष म्हणाले, वैयक्तिक प्रकरणं इथे नकोत. चहाच्या वेळी एक वयस्क सभासद जवळ आल्या. त्यांच्या ऑपरेशननंतर महिनाभर मी त्यांना डबा पोचवला होता. हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘पण उद्या तुझ्या आईचा एनएचएसवर, म्हणजे आपल्या सरकारी आरोग्यसेवेवर, किती भार पडेल, तूच विचार कर.’ वाईट मनाने नाही म्हणाल्या. मला उत्तर सुचलं नाही, कारण वर्षाचं निव्वळ स्थलांतर लाखांवरून हजारांत आणू असं २०१०च्या निवडणुकीत मीच दारोदार सांगितलं होतं, याच भाराचं कारण देऊन.

तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, हिशेब बदलला का? नाही बदलला. दवाखान्यातल्या रांगा मलाही दिसतात. पण मग तिने मला सांगावं, म्हाताऱ्यांची जबाबदारी आधी घराची, हे खरं की नाही? खरं असेल तर घराला ती घेऊ का देत नाही? ती गप्प बसते. मीही तिला पुरतं खोडू शकत नाही.

‘मग मजूर (लेबर) पक्षात जा,’ असं सांगणाऱ्यांनो, घर आणि कर याबद्दलची माझी मतं तिथे कुणाला हवी आहेत? दर वर्षी सभेआधी हा विषय घ्यावा म्हणून मी शाखेला पत्र देते. पत्राला उत्तर येत नाही, पत्रकं वाटायला मात्र बोलावणं येतं. मी जाते. यंदाही पत्र देणार आहे आणि पत्रकंही वाटणार आहे. कुणी दारात विचारलंच, की आईवडिलांना येऊ न देणारा पक्ष कुटुंबाचा कसा, तर त्यांचं नाव-पत्ता घेऊन तो प्रश्नही माझ्या पत्राला जोडीन.