दहा कैदी, दहा पेट्या आणि एक अदलाबदल

शंभर कैद्यांचे कोडे गेमच्या लेव्हलमध्ये बसवताना पहिली काट संख्येलाच लावावी लागली, कारण मोबाइलच्या पडद्यावर शंभर पेट्या मावत नाहीत. माझ्याकडे दहा कैदी आणि दहा पेट्या आहेत. प्रत्येक पेटीत एका कैद्याच्या क्रमांकाची चिठ्ठी असते. एकेकाने आत जाऊन जास्तीत जास्त पाच पेट्या उघडायच्या, स्वतःची चिठ्ठी शोधायची आणि सगळे पूर्ववत ठेवून, कोणाशीही न बोलता निघून जायचे. एकाची जरी चिठ्ठी हुकली तरी सगळेच हरले.

अंदाजाने खेळल्यास जिंकण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक आहे. मात्र प्रत्येकाने आधी स्वतःच्या क्रमांकाची पेटी उघडली आणि आत जो क्रमांक निघेल त्या पेटीकडे वळत गेला, तर ती सुमारे ३५ टक्के होते. शंभर कैद्यांनाही ३१ टक्के मिळतात. ॲना गाल आणि पीटर ब्रो मिल्टरसन यांनी २००३ मध्ये हे कोडे मांडले, आणि ही युक्ती मिल्टरसन यांचे सहकारी स्वेन स्क्युम यांना सुचली.

एकट्या कैद्याला तिचा काडीचाही उपयोग नाही. त्याची शक्यता निम्मीच राहते. पण चारच्या पेटीत सात, सातच्या पेटीत नऊ आणि नऊच्या पेटीत चार अशा चिठ्ठ्यांच्या साखळ्या बनतात. पाचपेक्षा लांब साखळी नसेल तर सगळे सुटतात, आणि असेल तर तिच्यातले सगळे एकदम अडकतात. सुरुवातीला मी चिठ्ठ्या पिसण्याची ओळ चुकून प्रत्येक कैद्याच्या फेरीत लिहिली होती. साखळी टिकतच नव्हती, आणि दोन संध्याकाळी मी गणितालाच दोष देत बसलो.

खरी अडचण पुढे आली. भाचीने युक्ती स्वतः शोधली, ओळीने तीनदा हरली आणि "मामा, हे काही खरं नाही" म्हणून पुन्हा अंदाजाने पेट्या उघडू लागली. बरोबर खेळणाराही तीनपैकी जवळजवळ दोन वेळा हरणार असेल, तर लेव्हल त्याला चुकीचाच धडा देते. शक्यता गुपचूप वाढवणे मला लबाडी वाटली. म्हणून हरल्यावर साखळ्या रंगीत दोऱ्यांनी दाखवल्या, आणि पुढच्या लेव्हलमध्ये एक फितूर पहारेकरी आणला, जो कैदी येण्यापूर्वी सगळ्या पेट्या पाहून कोणत्याही दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करू शकतो. दहा पेट्यांत पाचपेक्षा लांब साखळी एकच असू शकते आणि एका अदलाबदलीने तिचे दोन तुकडे होतात, त्यामुळे योग्य जागी काप दिल्यास हरणे अशक्य होते.

भाचीसमोर आठांची साखळी आली. तिने आधी लागोपाठच्या दोन पेट्या निवडल्या, तेव्हा एक सुटा पडला आणि सात अडकले. मग दोऱ्यावर बोट ठेवून ती चार घरे मोजत पुढे गेली.