तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी शेवटचं पान आधी वाचते

पुस्तकांच्या गप्पा रंगल्या की कधी ना कधी हा विषय निघतोच. मी शेवटची पानं आधी वाचते हे कोणाला तरी नव्याने कळतं आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: मग वाचायला उरतं काय? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव, की मी परीक्षेला कॉपी करताना सापडले आहे. आजवर हसून टाळलं, ‘सवय आहे’ म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच काय ते लिहून टाकते.

आधी सोपं उत्तर. उरतं, भरपूर उरतं. रणांगणात कर्णाच्या रथाचं चाक रुतणार हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. म्हणून कर्णावरची कादंबरी कोणी न वाचता परत केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये शेक्सपिअर पडदा उघडता उघडता सांगून मोकळा होतो की ही दोघं मरणार आहेत. आणि माझा लाडका साक्षीदार, इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप. १८५७ सालच्या ‘बार्चेस्टर टॉवर्स’मध्ये गोष्ट निम्म्यावरही आलेली नसताना हा गृहस्थ मध्येच थांबतो आणि वाचकाला सांगतो, काळजी करू नका, नायिका तिच्या मागे लागलेल्या दोघांपैकी कोणाशीही लग्न करणार नाहीये. वर म्हणतो, हवं तर शेवटचा खंड काढून सगळा उलगडा वाचून घ्या, गोष्टीत मुळात काही गोडी असेल तर ती कमी होणार नाही.

पूर्वी मी आणखी एक दाखला तोंडावर फेकायचे. लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या सॅन दिएगोच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. बारा लघुकथा, काही वाचकांना शेवट आधीच सांगितलेला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा! समोरचा गप्प बसायचा. मग एका पठ्ठ्याने २०१५ चं दुसरं संशोधन काढलं. त्यात नेमकं उलटं निघालं होतं, शेवट न कळलेल्यांनाच मजा जास्त आली होती. तेव्हापासून मी संशोधनाच्या वाटेला जात नाही. तसंही मी काही संशोधन वाचून शेवटाकडे वळले नव्हते.

पूर्वी मी तुमच्याहून कट्टर होते. मलपृष्ठावरचा मजकूर वाचायचा नाही. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, कारण अभिजात कादंबऱ्यांचे प्रस्तावनाकार पहिल्याच परिच्छेदात कोण मेलं ते सांगून टाकतात. प्रकरणांच्या नावांवरून काही कळू नये म्हणून अनुक्रमणिकासुद्धा उलटून पुढे जायची. बहिणीने एकदा खुनी कोण ते जेवता जेवता सांगितलं, तर तिच्याशी अबोला धरला होता. आम्ही वाचणारे आठ-दहा जण अधूनमधून जमतो, त्या गटात ‘शेवट फोडायचा नाही’ हा नियम आला तोही माझ्याच हट्टाने.

मग माझं गरोदरपण सातव्या महिन्यात संपलं.

त्या दिवसांबद्दल फार लिहिणार नाही. लोक भेटायला यायचे, बोलायचे, आणि मला कोणाचं बोलणं नको होतं. वाचायला मात्र हवं होतं. गटातल्या एका मैत्रिणीला म्हटलं, काहीतरी हलकंफुलकं सुचव, डोक्याला ताप नको. तिने एक कादंबरी दिली. दोन बहिणी, एक पडकं घर, आणि त्या एकमेकींना लिहीत असलेली अत्यंत खवचट पत्रं. “वाच नुसतं,” म्हणाली, “बाकी काही सांगत नाही, मजा जाईल.”

पुस्तक खरोखरच मजेचं होतं. कित्येक दिवसांनी मी मोठ्याने हसले, तेही एका पत्रात थोरलीने छपराच्या गळतीचं जे वर्णन केलं होतं त्याला. पाऊणएक पुस्तक झालं असेल. नवं प्रकरण सुरू झालं, त्यात धाकटी जुन्या साडीची दुपटी शिवत बसलेली. तोवर तिला दिवस गेल्याचा उल्लेख एका पत्रात ओझरता येऊन गेला होता, मी तो हसण्याच्या भरात ओलांडून गेले होते. पान उलटलं आणि मूल रडलं नाही.

पुढची चार पानं फार चांगली लिहिलेली होती. वाईट लिहिलेली असती तर मी पुस्तक भिरकावून झोपले असते. लेखकाला माहीत होतं की मूल नसलं तरी दूध येतं. शरीराला कोणी निरोप दिलेला नसतो, ते आपलं काम करत राहतं, कपडे भिजतात. धाकटी ते भिजलेले कपडे कोणाला दिसू नयेत म्हणून पहाटे धुते. हे वाचताना माझ्या छातीवर घट्ट बांधलेला पट्टा होता.

मी मैत्रिणीला फोन केला. “तुला माहीत होतं ना?” ती म्हणाली, “हो गं, पण शेवट इतका सुंदर आहे! मला वाटलं, तू तिथवर पोचलीस की तुला बरं वाटेल. आणि तूच म्हणायचीस ना, सांगायचं नाही म्हणून.” मी फोन ठेवला. बराच वेळ पुस्तक पालथं पडलेलं होतं. मग मी ते उचललं, चार पानांकडे न बघता थेट शेवटचं पान काढलं. धाकटी आगगाडीच्या डब्यात खिडकीशी बसून थोरलीला पत्र लिहीत होती आणि त्यात समोरच्या प्रवाशाच्या घोरण्याची टिंगल करत होती. एवढंच. म्हणजे ही जगते, आणि हिचा खवचटपणाही शाबूत राहतो. हे कळल्यावर मी मागे आले आणि ती चार पानं पुन्हा, सावकाश वाचली.

आता कृपा करून ‘अगं, आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणू नका. मी सहानुभूतीसाठी सांगत नाहीये, आणि ही कहाणी सांगितली की सगळं उत्तर झालं असंही नाही. त्याला बरीच वर्षं लोटली. आता मी रहस्यकथांचाही शेवट आधी वाचते, तिथे कुठलं आलंय दुःख? तिथे शुद्ध उतावळेपणा आहे. आणि थोडी मिजाससुद्धा. लेखक मला कुठे नेतोय हे मला माहीत आहे आणि मला माहीत असल्याचं त्याला माहीत नाही, यात मला मजा येते. तो धागे कसे लपवतो ते बघत बसते.

‘आगाऊ सूचना वाचत जा की मग,’ असं काही जण सुचवतात. या पुस्तकात अमुक प्रकारचे मृत्यू आहेत वगैरे. त्या मी वाचते, पण त्यांत काय होणार एवढंच असतं. त्यानंतर कोण उठून बसतं, हे त्यांत नसतं आणि मला नेमकं तेच हवं असतं.

शेवटचं पान दर वेळी ते देतं असंही नाही म्हणा. रहस्यकथेत उलगडा बहुधा प्रकरणभर आधीच झालेला असतो, शेवटच्या पानावर नुसती आवराआवर. कादंबरीत सगळी नावं अनोळखी, ‘तो’ दार लावून घेतो, पण तो कोण? ई-रीडरवर तर आणखी पंचाईत. शेवटाला उडी मारली की त्याला वाटतं पुस्तक संपलं, लगेच तारे द्या म्हणतं. नंतर तेच पुस्तक फोनवर उघडलं की विचारतं, सगळ्यात पुढच्या पानावर नेऊ का?

माझ्यातली जुनी कट्टर वाचक मात्र अजून गप्प बसलेली नाही. ती म्हणते, घाबरट झालीस तू. ती चार पानं तुला पाठ आहेत, त्यानंतर वाचलेल्या पुस्तकांतलं असं काय आठवतं? मी म्हणते, तसं आठवायला नकोच आहे मला. ती म्हणते, खोटं बोलतेस. कधी कधी वाटतं तिचं बरोबर आहे, आणि तरी पुढचं पुस्तक हातात आलं की अंगठा आपोआप मागच्या बाजूला जातो.

ती मैत्रीण अजून मैत्रीण आहे. आता ती पुस्तक सुचवताना कोण मरतं, कधी मरतं, कोण उरतं, सगळं धडाधड सांगून टाकते. आणि मला त्याचाही राग येतो! शेवट मी माझ्या हाताने उघडून बघणार, तिने का सांगावा? गटातला नियमही मी कधी बदलू दिलेला नाही. “मग तुला नक्की हवंय तरी काय, ते एकदा लिहून दे,” असं ती परवा वैतागून म्हणाली. हे तिलाही पाठवणार आहे. पहिल्या परिच्छेदानंतर ती थेट शेवटाला उडी मारेल, मला चिडवायला म्हणून.