डोंगर उजव्या हाताला

नवस सासूबाईंचा, पाय माझे. श्रावणातला तिसरा सोमवार, त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी फेरी, तीही अनवाणी. थोरली फेरी चाळीस किलोमीटरची, धाकटी विसाची. धाकटी चालेल म्हणाल्या, एवढीच काय ती सूट.

कुशावर्तात बुडी मारली खरी, पण अंगाला पाणी जास्त लागलं की गर्दी, सांगता येणार नाही. प्रयागतीर्थ कधी मागे पडलं कळलंच नाही. डोंगर उजव्या हाताला ठेवून चालायचं. पण दिसेल तर ना! ढग पार भातखाचरांपर्यंत उतरलेले. मध्येच फाटायचे आणि काळ्या कातळावरून सुटलेल्या पाण्याच्या धारा दिसायच्या. तेवढ्यापुरता जीव भरून यायचा. मग खांद्यावर स्पीकर घेतलेलं टोळकं यायचं. महादेव समाधीत असतो तेच बरं.

पहिन्याच्या पुढे रस्त्यावर खडी. चवड्याखालचा फोड तिथेच फुटला. पाय टेकला की थेट मस्तकात कळ. ओठांवर ‘ॐ नमः शिवाय’, मनात सासूबाईंचा उद्धार. शेवटी बांधावर फतकल मारली.

खाचरात एक म्हातारी निंदत होती. डोक्यावर निळ्या प्लास्टिकची खोळ. आली, काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला गेले तर खेकसली, “ऱ्हाऊ दे की! खडी टाकत्यात आन् दाबत न्हाईत मेले.” घरातून पळीत तेल-हळद कढवून आणली, फुंकर मारून फोडावर सोडली. मी किंचाळले, ती हसली. जुन्या लुगड्याची चिंधी टरकावून पाय बांधला.

“कुठली गं तू?”

“मुंबईची, मावशी.”

“मंग आमचंच पानी पिते की!”

खरंच की. डोंगराचं पूर्वेकडचं पाणी गोदावरीला, आणि इकडचं वैतरणेत उतरून आमच्या नळाला. सकाळपासून ज्या पावसाला शिव्या घालत होते, तोच माझ्या स्वयंपाकघरात येतो. नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी तिने हातावर ठेवली. सोमवारचा कडक उपास होता. खाल्ली. अर्धी आणखी मागितली.

पुढच्या चढावर निवृत्तिनाथ आठवले. याच फेरीत वाघ आडवा आला, घरच्यांची चुकामूक झाली आणि त्यांना गहिनीनाथांची गुहा सापडली, असं म्हणतात. चिंधी ओली झाली होती, पण गाठ सुटली नव्हती.

कोजुली, गौतमऋषी, सगळं एकच चिखल. त्र्यंबकात पोचले तेव्हा पाऊस थांबलेला, आणि डोंगर अख्खा उघडा. एसटीच्या रांगेत नंबर जाईल म्हणून नीट पाहिलासुद्धा नाही.

घरी सासूबाई दारात तांब्या घेऊन उभ्या. स्वतः वाकून पायांवर पाणी घातलं, हळदीने पिवळी झालेली चिंधी सोडली, हात जोडले.

“उपास पाळलास ना?”

“पाणी गार आहे हो,” म्हटलं, “जरा ऊन आणा.”