शिळं पेट्रोल

पेट्रोल शिळं होतं. दूध नासतं, पीठ कडू होतं, मसाल्याला जाळी धरते, हे घरातल्या बायकांच्या बोलण्यातून आपोआप कानावर पडत असतं. पेट्रोलचं मात्र कुणी सांगत नाही. टाकीचं झाकण फिरवून बंद केलं की आतला माल सुरक्षित, अशी आपली समजूत असते. ती घालवायची असेल तर गणपती उरकल्यावर, नवरात्राच्या आत, अलिबागजवळ नागावला जावं.

दिवाळीपासून मेपर्यंत नागावच्या वाळूवर जाड टायरांच्या चारचाकी बाईक, म्हणजे एटीव्ही, भर्रकन जात-येत असतात. मुंबई-पुण्याची मंडळी सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत एक फेरी मारतात, फोटो काढतात, पैसे देतात. जूनमध्ये पाऊस लागला की किनारा ओस पडतो आणि गाड्या वाडीतल्या पडव्यांमध्ये ताडपत्रीखाली जातात. माझ्या मावसभावाच्याही आहेत. त्याला मी दादा म्हणतो आणि सप्टेंबरमध्ये त्याचा बिनपगारी मदतनीस होतो. काम ठरलेलं: पाना दे, बॅटरी धर, गप्प बस.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या घरासारखी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, तयारी मी कुठे पाहिली नाही. मे महिन्यात सुके बोंबील, सोडे, जवळा डब्यांत बंद होतात, चिंच मीठ लावून बरणीत जाते, आमसुलं वाळतात, लाकडं पडवीत रचली जातात. पावसाळ्यात राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणून शेजारच्या होड्या वर ओढून झापांनी झाकतात. चार महिन्यांत काय सडेल, काय गंजेल, कशाला कीड लागेल याचा हिशेब इथे प्रत्येकाला तोंडपाठ. आणि त्याच पडवीत, त्याच लाकडांना टेकून, अर्ध्या टाकीसकट एटीव्ही ढकलून दिलेली!

आत काय होतं ते सांगतो. पेट्रोल हे एकच द्रव नव्हे, हलक्या-जड शेकडो घटकांचं मिश्रण आहे. थंड इंजिन पहिल्या फटक्यात पेटतं ते हलक्या घटकांच्या जोरावर, आणि नेमके तेच आधी उडून जातात. मागे राहिलेले हवेशी संयोग पावून चिकट होत जातात. त्यात आता इथेनॉल. 2023 च्या फेब्रुवारीत देशात ई20 ची सुरुवात झाली, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. उसाला भाव मिळतो, चांगलंच आहे. पण इथेनॉलला पाण्याची ओढ भारी, आणि कोकणातल्या जुलैच्या हवेत पाण्याला काय तोटा? टाकीत पुरेसं पाणी ओढलं गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. नळी नेमकी तळातूनच ओढते.

त्यामुळे सेल्फ कितीही कुरकुरला तरी गाडी दाद देत नाही. दादा मग पेट्रोलचा कॉक बंद करतो, नळी उपसतो, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर काढतो आणि त्याची खालची वाटी सोडवतो. हा क्षण मला फार आवडतो. वास आधी येतो. पेट्रोलचा तो झणझणीत, नाकात शिरणारा वास नव्हे, जुन्या वार्निशच्या डब्याचा, आंबूस. तळाला मधाच्या रंगाचा थर, नखाने खरवडला तर साय निघावी तसा निघणारा. एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब बसून राहिलेला, त्याच्याभोवती धातूवर पांढरी भुकटी. वाटीत किती पेट्रोल उतरावं ते ठरवणाऱ्या फ्लोटची, म्हणजे तरंगत्या डबीची, सुई आपल्या जागी चिकटलेली. ती बंद स्थितीत चिकटली तर वाटीत पेट्रोल उतरत नाही, उघडी राहिली तर ओव्हरफ्लोच्या नळीतून सगळं खाली सांडतं. दोन्ही प्रकार त्याच पडवीत बघायला मिळतात.

खरी मेख पायलट जेटमध्ये. पितळेचा एवढासा स्क्रू, त्याच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक भोक. गाडी उभ्या-उभ्या चालते ती या भोकावर. ते बुजलं की गाडी फक्त चोक ओढूनच चालते. चोक सोडला की बंद. दादा जेट डोळ्याशी धरून उन्हाकडे बघतो. पलीकडे उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे, अगदी गोल. दिसत नसेल तर जेट क्लीनरमध्ये बुडवून ठेवायचं आणि मग वायरीतली तांब्याची एक तार हलक्या हाताने आरपार घालायची. सुई नाही, टाचणी नाही. पोलादाने पितळेचं भोक मोठं होतं, आणि मग ती गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. शेवटी हवेचा फवारा, नवं गॅस्केट, हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा मागे. हा दीड फेरा कुठून आला विचारलं तर उत्तर असतं, ‘‘तिथून सुरुवात करायची, मग कानाने.’’

या कार्बोरेटरची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. हंगेरीचे दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी 1893 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आख्यायिका अशी की बुडापेस्टमध्ये एक फूलवाली नळीतून फुंकर मारून फुलांवर पाण्याचा फवारा उडवताना त्यांना दिसली, आणि पेट्रोलही असंच उडवावं असं सुचलं. खरं-खोटं कोण जाणे. त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखलाही हेच सुचलं होतं, आणि तिथे फूलवालीचा उल्लेख नाही. पण यंत्राचं वर्णन म्हणून ती फूलवाली अगदी चोख आहे. अरुंद गळ्यातून हवा जोरात गेली की तिथला दाब उतरतो, खालचं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं आणि त्याचं धुकं होतं. एवढंच. ना सेन्सर, ना संगणक. 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे कडक नियम आल्यापासून रस्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. गावातला नवा मेकॅनिक स्कॅनर लावायला जागा शोधतो आणि या गाड्यांपुढे हताश उभा राहतो. दादाची थोडी ऐट आहे ती त्यामुळेच.

यंदा ती ऐट जरा उतरली. सगळं साफ झालं, टाकी धुतली, नवं पेट्रोल भरलं, गाडी पहिल्या बटणाला सुरू. पडवीत मजेत चालत होती. वाळूवर काढली आणि थोडं अंतर जाऊन ढुक-ढुक करत बंद. जरा वेळाने परत सुरू, परत बंद. कार्बोरेटर पुन्हा उतरला, जेट पुन्हा उन्हाकडे धरलं, ठिपका गोलच. प्लग बदलला. कॉकची जाळी पाहिली. शेवटी पेट्रोल उतरतंय तरी का, म्हणून दादाने टाकीचं झाकण फिरवलं, तर फस्स करून हवा आत शिरली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्याने झाकण सैल ठेवून फेरी मारली. गाडी थेट पाण्यापर्यंत जाऊन आली.

टाकीतून पेट्रोल खाली जायचं तर त्याची जागा घ्यायला वरून हवा यावी लागते. त्यासाठी झाकणातून एक बारीक रबरी नळी निघून हँडलच्या मध्ये खोचलेली असते. ती काढून पाहिली तर तोंडाशी मातीचं बूच, इतकं गुळगुळीत की कुणी मुद्दाम लिंपलं असावं. तारेने टोकरलं तेव्हा मातीमागून बारीक-बारीक कोळी निघाले. काम कुंभारमाशीच्या जातीतलीचं. पिलांची सोय म्हणून ही माशी कोळ्यांना डंखाने बधिर करते, मरू देत नाही, म्हणजे पिलू बाहेर येईपर्यंत अन्न ताजं राहतं. पडवीत बेगमी करणाऱ्यांत एक नाव वाढलं.

मी दादाला म्हटलं, मे महिन्यात टाकी रिकामी करायची, कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालवायची, नळीच्या तोंडाला कापडाचा बोळा. पाव तासाचं काम.

‘‘पाव तास आणायचा कुठून? शेवटच्या रविवारी अंधार पडेपर्यंत गिऱ्हाईक उभं असतं. सोमवारी पाऊस.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहिनीकडे होतं. पडवीच्या दारातून ती म्हणाली, ‘‘पेट्रोल मी काढीन. माझ्या स्कूटरला लागतंच. फक्त गाड्या आत घ्यायच्या आधी मला हाक मारा, लाकडांच्या मागे गेल्यावर नको.’’